वाचक विचारतात: टेक शेअर ‘धरून ठेवायचा’ म्हणजे नक्की काय करायचं?

मागच्या अंकात टेक शेअर्सबद्दलचे प्रश्न पाठवा म्हटलं आणि इतके आले की काही विचारायची सोय नाही. त्यातले निम्मे तर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत होता, म्हणून ते एकत्र केलेत. आधीच सांगते, अमुक घ्या तमुक विका असं इथे मिळणार नाही, कारण तुमचं कर्ज, वय, जबाबदाऱ्या यातलं मला काहीच माहीत नाही. कंपन्यांची नावं येतील ती उदाहरणापुरती.

ताई, चिप बनवणाऱ्या एका कंपनीचा शेअर चार वर्षांपूर्वी घेतला. वर्षभरात तो निम्म्यावर आला तेव्हा माझी झोप उडाली होती, मग वर आला, तिप्पट झाला, आणि आता दोन महिन्यांत परत ३० टक्के खाली. हे म्हणतात आता तरी विकून मोकळी हो. मी लाँग टर्म म्हणूनच घेतलाय, मग काही बघायचंच नाही का, नुसतं धरून बसायचं?
*— एक शिक्षिका*

तुमच्या ह्यांना सांगा, ३० टक्के पडणं ही टेक शेअरसाठी बातमीच नाही. एनव्हिडिया घ्या, ज्याच्याबद्दल आज सगळेच ‘तेव्हा घेतला असता तर’ म्हणून हळहळतात. तो २००२ मध्ये जवळपास ९० टक्के पडलाय, २००७-०८ मध्ये ८५ टक्क्यांच्या आसपास, २०१८ च्या शेवटी तीनेक महिन्यांत निम्म्याहून जास्त आणि नोव्हेंबर २०२१ ते ऑक्टोबर २०२२ मध्ये परत साधारण दोन तृतीयांश. म्हणजे सुरुवातीपासून धरून बसलेल्याला जो अफाट परतावा मिळाला तो या सगळ्या पडझडीसकट मिळाला, त्यातला गोड भाग तेवढा वेगळा काढून घेता येत नव्हता. मेटा (म्हणजे फेसबुकची कंपनी) सप्टेंबर २०२१ ते नोव्हेंबर २०२२ मध्ये तीन चतुर्थांशाहून जास्त पडला आणि जानेवारी २०२४ मध्ये नव्या उच्चांकावर होता. नेटफ्लिक्स तर असा दोनदा पडलाय, २०११-१२ ला आणि २०२१-२२ ला.

आता इथपर्यंत वाचून बरं वाटलं असेल तर जरा थांबा, कारण मी सांगितली ती सगळी नावं तगलेल्यांची आहेत. २००० चा इंटरनेट शेअर्सचा फुगा फुटल्यावर ॲमेझॉन २००१ मध्ये आपल्या उच्चांकापासून ९० टक्क्यांहून जास्त खाली होता. नॉर्टेलही तसाच पडला, ही कॅनडाची टेलिकॉम यंत्रं बनवणारी कंपनी, २००० मध्ये टोरांटोच्या मुख्य निर्देशांकात एकटीचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त होता! संगणक बनवणाऱ्या सन मायक्रोसिस्टिम्सचा शेअर ६४ डॉलरपर्यंत गेला होता, तोही तसाच कोसळला. या तिघांचे २००१ चे चार्ट नावं झाकून समोर ठेवले तर कुठला कोण हे भल्याभल्यांना सांगता येणार नाही. पुढे ॲमेझॉनचं काय झालं ते तुम्हाला माहितीच आहे, नॉर्टेलने जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि सनला २०१० मध्ये ओरॅकलने ७.४ अब्ज डॉलरला घेतलं, एकेकाळच्या किमतीपुढे चिल्लरच.

म्हणून भाव किती पडला यावरून काहीच कळत नाही, धंद्यात काय चाललंय ते बघावं लागतं. ॲमेझॉनची विक्री १९९९ मध्ये १.६ अब्ज डॉलर होती ती २००१ मध्ये ३.१ अब्ज झाली, म्हणजे भाव दहाव्या हिश्श्यावर येत असताना धंदा जवळपास दुप्पट. नॉर्टेलची विक्री २००० मध्ये ३० अब्जांच्या घरात होती ती दोन वर्षांत साडेदहा अब्जांवर आली. शिवाय ॲमेझॉनने फेब्रुवारी २००० मध्ये, म्हणजे बाजार कोसळायच्या जेमतेम महिनाभर आधी, युरोपात रोखे विकून ६९ कोटी युरो उभे केले होते. ते दोन महिने लांबलं असतं तर आज आपण कदाचित त्यांचंही नाव नॉर्टेलच्या रांगेत घेत असतो. यात हुशारी किती आणि नशीब किती, हे मला तरी वेगळं करता येत नाही.

आणि खरी अडचण इथेच आहे. २००१ मध्ये बसून हे सगळे आकडे वाचणाऱ्यालाही खात्री नव्हती, ॲमेझॉनने २००० मध्ये तब्बल १.४ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला होता, जाणकार माणसं ती बुडणार म्हणत होती आणि ती वेडी नव्हती. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की बघायचं जरूर, वर्षातून चारदा, रिझल्ट आले की. विक्री वाढतेय का, मार्जिन (विक्रीतला नफ्याचा वाटा) टिकतंय का, कॅश आत येतेय की बाहेर चाललीये, मोठे गिऱ्हाईक दोन-तीनच आहेत का, शेअर्सची संख्या वर्षागणिक फुगतेय का. पण त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवायची, हा शेअर नॉर्टेल निघाला तर आपलं काय होईल? उत्तर ‘वाईट वाटेल पण चालेल’ असं असेल तर ह्यांना चहा द्या आणि शेअर राहू द्या. ‘मुलीच्या शिक्षणाचं काय’ असं असेल, तर आज भाव वर गेला काय नि खाली गेला काय, तुमच्याकडे तो जास्त आहे.

कंपनीचे रिझल्ट चांगले, नफा वाढलेला, ऑर्डर्स भरपूर आणि तरी शेअर दोन महिने रोज पडतोय. हे कोणी मुद्दाम पाडतं का?
*— एक निवृत्त बँक कर्मचारी*

मुद्दाम पाडायची गरजच नसते, व्याजदर पुरतात. तुम्ही बँकेत होतात म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. दोन वर्षांनी मिळणाऱ्या १०० ची आजची किंमत ३ टक्के दराने ९४ येते आणि ६ टक्क्यांनी ८९, फारसा फरक नाही. पण तेच १०० पंधरा वर्षांनी मिळणार असतील तर ३ टक्क्यांनी ६४ आणि ६ टक्क्यांनी ४२, म्हणजे एक तृतीयांश किंमत गायब, आणि कंपनीने काहीही वाईट केलेलं नाही. वेगाने वाढणाऱ्या टेक कंपनीचा बहुतेक नफा दूरच्या वर्षांत असतो, किंवा असेल अशी आशा असते, त्यामुळे दर हलले की हे शेअर सगळ्यात जास्त हलतात. २०२२ मध्ये हेच झालं, अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेने, वर्षाच्या सुरुवातीला शून्याजवळ असलेला दर डिसेंबरपर्यंत सव्वाचार ते साडेचारवर नेला आणि टेक कंपन्यांचा भरणा असलेला नॅसडॅक-१०० निर्देशांक त्या वर्षी साधारण ३३ टक्के घसरला. दुसरं कारण अपेक्षेचं. बाजाराने ४० टक्के वाढ धरलेली असते आणि कंपनी ३० टक्के वाढते, आपल्या दृष्टीने ३० म्हणजे उत्तमच, पण भाव ४० चा लागलेला असतो ना.

नॅसडॅक कितीही पडला तरी परत वर येतोच, इतिहास आहे. मग टेक शेअर विकायचाच कशाला?
*— एक इंजिनीअर*

येतो, पण कधी? नॅसडॅक कंपोझिट, म्हणजे नॅसडॅक बाजारातल्या जवळपास सगळ्या शेअर्सचा निर्देशांक, १० मार्च २००० ला ५,०४८ वर बंद झाला, ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ पर्यंत आला आणि तो जुना आकडा परत दिसायला एप्रिल २०१५ उजाडला. पंधरा वर्षं! चाळिशीत घेतलेल्या माणसाची पंचावन्नाशी झाली. अर्थात सगळे पैसे नेमके शिखरावर कोणी घालत नाही, दर महिन्याला थोडे थोडे घालत राहिलेल्याची गोष्ट बरीच बरी होती, हेही खरं.

पण तुमच्या वाक्यातली मोठी चूक वेगळी आहे, तुम्ही निर्देशांकाचा इतिहास शेअरला चिकटवताय. निर्देशांक बदलत राहतो, मेलेले बाहेर काढतो नवे आत घेतो, नॅसडॅक-१०० ची यादी तर दर डिसेंबरला नव्याने लागते. डाऊ जोन्स या तीस मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या निर्देशांकातून नोव्हेंबर २०२४ मध्ये इंटेल गेली आणि तिच्या जागी एनव्हिडिया आली, निर्देशांक धरून बसलेल्याला काही करावं लागलं नाही, इंटेल धरून बसलेला मात्र २००० सालच्या ७५ डॉलरची वाट बघत पंचवीस वर्षं बसला. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे हेंड्रिक बेसेम्बाइंडर यांनी १९२६ ते २०१६ मधले अमेरिकेतले जवळपास २६ हजार शेअर तपासले होते. त्यातल्या निम्म्याहून जास्त शेअर्सनी आपल्या आयुष्यात ट्रेझरी बिलाइतकाही (म्हणजे सरकारच्या थोड्या मुदतीच्या रोख्याइतकाही) परतावा दिला नाही, आणि शेअर बाजाराने बिलांपेक्षा जी काही जास्त संपत्ती निर्माण केली ती सगळी सगळ्यात वरच्या ४ टक्के कंपन्यांनी. तर बाजार वर येतो हे वाक्य बरोबर आहे, फक्त ते ४ टक्क्यांच्या जिवावर उभं आहे आणि तुमच्याकडचा शेअर त्या चारात आहे का हे वाक्य सांगत नाही. ज्यांना हे शोधत बसायचं नाही त्यांनी सरळ इंडेक्स फंड, म्हणजे निर्देशांकातले सगळे शेअर एकत्र घेणारा फंड, घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

स्टॉप-लॉस लावून ठेवला की काळजी मिटते ना?
*— नाव दिलेलं नाही*

नाही. स्टॉप-लॉस म्हणजे भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की आपोआप विका असा ब्रोकरला दिलेला आदेश, आणि टेक कंपन्यांचे रिझल्ट बहुतेक वेळा बाजार बंद झाल्यावर येतात. ३ फेब्रुवारी २०२२ ला मेटा एका दिवसात २६ टक्के पडला, आणि ही पडझड आदल्या रात्रीच ठरली होती, सकाळी बाजार उघडला तोच खाली. तुम्ही १० टक्क्यांवर स्टॉप-लॉस लावला असता तर विक्री १० वर नाही, उघडला त्या भावाला झाली असती. आणि उलट बाजूने, २७ जानेवारी २०२५ ला डीपसीक या चिनी एआय कंपनीच्या धक्क्याने एनव्हिडिया एका दिवसात १७ टक्के पडला, बाजारमूल्यातून ६०० अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम गेली, त्या दिवशी स्टॉप-लॉसने बाहेर पडलेल्यांना जूनमध्ये नवा उच्चांक बाहेरून बघावा लागला. ट्रेडिंग करणाऱ्याचं हत्यार आहे ते. दहा वर्षांसाठी घेतलेल्या शेअरला लावायचं असेल तर आधी ठरवा की तुम्ही दहा वर्षांसाठी घेतलाय की नाही.

कंपनी जगातली एक नंबर आहे, प्रॉडक्टशिवाय कोणाचं पान हलत नाही. मग महाग आहे महाग आहे असं का म्हणतात? चांगल्या कंपनीला भाव कितीही द्यावा की.
*— एक व्यावसायिक*

सिस्कोची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. २००० मध्ये इंटरनेटचं सगळं जाळं तिच्या यंत्रांवर चालायचं, मार्च २००० मध्ये ती काही काळ जगातली सगळ्यात मोठ्या बाजारमूल्याची कंपनी होती, ५०० अब्ज डॉलरच्या वर. इंटरनेट वाढणार हा अंदाज चुकला का? छे, कोणी कल्पना केली नव्हती इतकं वाढलं. सिस्को बुडाली का? नाही, २००० मधली १८.९ अब्जांची वार्षिक विक्री २०२३ मध्ये ५७ अब्जांवर होती आणि नफा भरपूर. तरीही ८० डॉलरचा तो जुना भाव ओलांडायला डिसेंबर २०२५ यावा लागला. मधे डिव्हिडंड मिळाले, २०११ पासून, तेवढाच दिलासा. मायक्रोसॉफ्टचंही तसंच, १९९९ च्या डिसेंबरचा भाव परत यायला ऑक्टोबर २०१६ लागला आणि त्या काळात विक्री साधारण २३ अब्जांवरून ८५ अब्जांवर गेली होती.

म्हणजे कथा खरी ठरली, कंपनी जिंकली आणि शेअरहोल्डर हात चोळत बसला, असंही होतं, कारण त्याने पुढच्या पंधरा-वीस वर्षांचं यश आधीच विकत घेतलं होतं. सनचे प्रमुख स्कॉट मॅकनीली यांनी २००२ मध्ये आपल्याच गुंतवणूकदारांना एक हिशोब ऐकवला होता. कंपनीच्या वार्षिक विक्रीच्या दहापट भावाला शेअर घेतलात, तर दहा वर्षांत पैसे परत मिळायला कंपनीने सगळीच्या सगळी विक्री दहा वर्षं तुम्हाला वाटली पाहिजे, म्हणजे पगार नाही, कच्चा माल नाही, संशोधन नाही, टॅक्सही नाही. तुमच्या कंपनीचं बाजारमूल्य तिच्या वार्षिक विक्रीच्या किती पट आहे ते काढा, दोन मिनिटांचं काम आहे. वीसपट आली तर ती वाईट कंपनी आहे असं नाही, पण तिला किती वर्षं किती वेगाने पळावं लागणार आहे ते कागदावर मांडून बघा आणि मग ‘कितीही’ हा शब्द परत वापरा.

मी २४ वर्षांचा आहे, रिस्क घेऊ शकतो, पुढे तीस-पस्तीस वर्षं आहेत. नॅसडॅक-१०० च्या तिप्पट चालणारा ईटीएफ घेऊन विसरून गेलो तर? लाँग टर्ममध्ये तिप्पट परतावा मिळेल ना ताई?

अरे नाही रे. ईटीएफ म्हणजे शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड, आणि त्याचं ते ‘तिप्पट’ एका दिवसाचं असतं, रोज नव्याने. निर्देशांक आज १० टक्के वर आणि उद्या १० टक्के खाली गेला तर १०० चे ९९ होतात. तिप्पटवाला आज १३० होतो आणि उद्या त्यातले ३० टक्के जाऊन ९१. निर्देशांकाचा गेला १, तुझे गेले ९, तीन नव्हे. नुसत्या हेलकाव्यात पैसे झिजतात आणि टेकमध्ये हेलकाव्यांना तोटा नाही. २०२२ मध्ये नॅसडॅक-१०० तेहतीस टक्के पडला तेव्हा असा तिप्पटवाला ईटीएफ ७९ टक्के पडला, आणि ७९ टक्के पडलेल्याला पहिल्या जागी यायला जवळपास पावणेपाचपट व्हावं लागतं. डिसेंबर २०२३ मध्ये निर्देशांक जुन्या उच्चांकावर आला तेव्हा हा अजून चाळीस टक्क्यांहून जास्त खाली होता. सलग चढत्या बाजारात डोळे दिपवणारा परतावा देतो हे मान्य, तुला व्हिडिओ त्याच वर्षांचे दाखवतात.

तुझ्याकडे तीस वर्षं आहेत हीच तुझी सगळ्यात मोठी ताकद आहे, पण ती साध्या, उसनवारीशिवायच्या गुंतवणुकीतच कामाला येते. उसने पैसे घालून शेअर घेतले की किती दिवस थांबायचं हे तू ठरवत नाहीस, ब्रोकर ठरवतो, मार्जिन कॉल आला, म्हणजे भाव पडल्यावर त्याने आणखी पैसे मागितले आणि तुझ्याकडे नसले, की तो तुला न विचारता विकून मोकळा होतो. हेच कारण मार्जिनवर (ब्रोकरच्या उसन्या पैशांवर) टेक शेअर घेऊ नये याचंही, आता कोणी वेगळं पत्र पाठवू नका.

नोकरी टेक कंपनीत, दरवर्षी कंपनीचे शेअर मिळतात, ते मी कधीच विकले नाहीत. आता माझ्या एकूण गुंतवणुकीतले सत्तर टक्के तेच आहेत. कंपनी आतून माहितीये, उत्तम चाललीये. मित्र म्हणतो कमी कर. विकले आणि अजून वर गेले तर?
*— एक सॉफ्टवेअर डेव्हलपर*

असं पत्र यावेळी अनेकांचं आहे, शब्द थोडे इकडे तिकडे. तर, तुमचा पगार त्या कंपनीतून, बोनस तिथूनच, पुढच्या वर्षी मिळणारे शेअर तिचेच आणि साठवलेलंही तिच्यातच. कंपनीला वाईट दिवस आले तर शेअर पडेल त्याच महिन्यात नोकरकपातही होईल, दोन्ही वेगवेगळ्या वेळी येत नाहीत. एनरॉन टेक नव्हती, ऊर्जेच्या व्यवहारातली होती, पण धडा हाच. डिसेंबर २००१ मध्ये ती बुडाली, आणि त्याच्या वर्षभर आधी, २००० च्या शेवटी, कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यातली निम्म्याहून जास्त रक्कम एनरॉनच्याच शेअर्समध्ये होती. ती माणसंही आतच होती की हो, त्यांनाही कंपनी उत्तम चाललीये असंच दिसत होतं. आतून आपल्याला आपला विभाग दिसतो, ताळेबंद नाही. आणि खरंच काही आतलं माहीत असेल तर त्यावर व्यवहार करणं गुन्हा आहे, ते वेगळंच.

अजून वर गेले तर काय, हा प्रश्न खरा आहे, त्याला मी उडवून लावत नाही. वरती ते ४ टक्क्यांचं सांगितलं ना, त्याची दुसरी बाजू अशी की त्या चारातला एखादा हाती लागला आणि आपण दुप्पट झाल्यावर तो सगळा विकून टाकला, तर आयुष्यभराची बाकीची हुशारी वाया. म्हणून मला ‘दुप्पट झाला की विका’ हा नियम अजिबात पटत नाही, तो चांगले शेअर घालवून वाईट तेवढे घरात ठेवतो. पण सत्तर टक्के हा वेगळा आजार आहे. यात मला पटणारी पद्धत म्हणजे भावाकडे न बघता तारखांवर विकणं. नवे शेअर मिळतील ते मिळाल्या मिळाल्या विकायचे, कारण तेवढा बोनस रोख मिळाला असता तर तुम्ही त्याचे हेच शेअर घेतले असते का? बहुतेक नाही. आणि जुन्यातले दर तिमाहीला ठरलेला हिस्सा, दोन-तीन वर्षं, टॅक्सचा हिशोब करून, तुमच्याकडे जे नियम असतील ते सल्लागाराला विचारून. भाव वर असला की ‘अजून थोडं थांबू’ आणि खाली असला की ‘आता कशाला’ असं मन म्हणणारच, तारीख ठरलेली असली की त्याच्याशी वाद घालावा लागत नाही.

किती ठेवायचे? माझ्या मते एका कंपनीत एवढेच असावेत की ते ९० टक्के पडले तरी तुमचा एकही ठरलेला बेत बदलू नये. कोणासाठी ते पाच टक्के असेल, कोणासाठी वीस. सत्तर कोणासाठीच नाही असं मी म्हणणार नाही, ज्यांनी स्वतः कंपनी काढली त्यांचं नव्वदही असतं, पण ते शेअर धरून बसत नाहीत, ते कंपनी चालवतात.

पडला की अजून घ्यायचा, सरासरी खाली आणायची, हे बरोबर का चूक?
*— तिघांचा प्रश्न*

निर्देशांकात बरोबर. एका शेअरमध्ये, आधीच ठरवलेल्या मर्यादेच्या आत आणि धंदा नव्याने तपासून, चालेल. खरेदीचा सरासरी भाव कमी दिसावा एवढ्यासाठी, चूक. ८० टक्के पडलेला शेअर म्हणजे आधी ७० टक्के पडलेला आणि मग उरलेल्यातला अजून एक तृतीयांश गमावलेला शेअर, म्हणजे ७० टक्क्यांना ‘आता अजून काय पडणार’ म्हणून घेतलेल्याचाही चांगलाच खिसा कापला गेला.

करोनाच्या काळात घेतलेला एक टेक शेअर ८५ टक्के खाली आहे. कंपनी बंद पडलेली नाही, नफ्यात आहे. माझ्या भावाला आला की विकणार हे मी कधीचंच ठरवलंय. योग्य ना?
*— एक डॉक्टर*

‘माझ्या भावाला’ हे कलम काढून टाका. ८५ टक्के खाली म्हणजे तिथून तुमच्या भावाला यायला शेअर साडेसहापटीहून जास्त व्हायला हवा. आता मुद्दा असा की त्यासाठी कंपनीत काय काय घडावं लागेल? व्हिडिओ कॉलवाल्या झूमचं उदाहरण घ्या, तुमची कंपनी तीच असेल असं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये झूमचा शेअर साडेपाचशे डॉलरच्या वर होता, पुढे तो सत्तरच्या खाली आला. पण विक्री पडली नव्हती! जानेवारी २०२१ ला संपलेल्या वर्षात २.६५ अब्ज डॉलर, पुढच्या वर्षी ४.१ अब्ज, त्यापुढच्या वर्षी ४.४ अब्ज. म्हणजे कंपनी तगली, मोठी झाली, नफ्यातही राहिली, फक्त एका वर्षात चौपट वाढण्याची जी घाई २०२० मध्ये होती ती संपली आणि तो भाव त्या घाईचा होता. असा भाव परत यायला तशीच परिस्थिती परत यावी लागते, नाहीतर नवा धंदा उभा करावा लागतो.

तर एका कागदावर लिहा, पुढच्या पाच वर्षांत या कंपनीची विक्री आणि नफा किती होईल असं तुम्हाला मनापासून वाटतं, त्या नफ्याला बाजार साधारण किती पट भाव देईल आणि त्यातून आजच्या भावावर वर्षाला किती टक्के सुटतात. ते तुमच्या इंडेक्स फंडाच्या अपेक्षेपेक्षा बरे दिसत असतील तर ठेवा, अगदी आनंदाने ठेवा, जुना भाव येवो न येवो. कमी दिसत असतील तर विका, आणि त्यातला तोटा दुसऱ्या कुठल्या नफ्यासमोर टॅक्समध्ये दाखवता येतो का ते तुमच्या सीएला विचारा, बऱ्याच ठिकाणी येतो आणि लोक ते मार्च उलटल्यावर विचारतात. आकडे काढता येत नसतील, म्हणजे कंपनी नेमकी कशावर कमावते हेच नीट सांगता येत नसेल, तर तेही उत्तरच आहे डॉक्टर, आणि त्याला पाच मिनिटंही लागणार नाहीत.